आधी फुंकर, मग हात-पाय

पाण्याची भीती आमच्या घरात माझ्याकडून आली आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. शेतातल्या विहिरीत माझे दोन्ही भाऊ आणि चुलत भाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांच्या देखरेखीखाली पोहायला शिकले. तरंगायला कुणाच्या पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा, कुणाच्या कमरेला वाळलेला भोपळा, आणि पुढे गावात ट्रॅक्टर आल्यावर त्याच्या चाकाची ट्यूब. आम्ही मुलींनी थारोळ्यावर, म्हणजे मोटेचे पाणी पडायच्या काठावरच्या दगडी जागेवर, बसून भावांचे कपडे राखायचे. पोहू नका, असे आम्हाला कुणी कधी बजावले नाही. मुलींना विहिरीत उतरवण्याची पद्धतच नव्हती. त्यामुळे 2025 च्या उन्हाळ्यात आठ वर्षांची मुलगी आणि साडेपाच वर्षांचा मुलगा यांना पोहायला घालायचे ठरले तेव्हा मुले आनंदात होती आणि धाकधूक माझ्या एकटीच्या पोटात होती.

आम्ही पुण्याच्या एका उपनगरात राहतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चौकशी सुरू केली, आणि ती लवकर केली हे बरे झाले. एका खाजगी क्लबाने एका मुलाचे महिन्याला 6,500 रुपये सांगितले. ओळखीच्या एका सोसायटीच्या तलावावर प्रशिक्षक येणार होता, पण जीवरक्षक नव्हता. शिकवणाऱ्याचे लक्ष एका मुलाकडे असताना बाकीच्यांकडे कोण पाहणार, या प्रश्नाला तिथे कुणाकडे उत्तर नव्हते, म्हणून तो पर्याय सोडला. उरला घरापासून दोन किलोमीटरवरचा सार्वजनिक तलाव, जो ठेकेदारामार्फत चालतो. वीस दिवसांच्या बॅचचे शुल्क प्रत्येकी 1,800 रुपये होते. मोठा तलाव 25 मीटर लांबीचा आणि शेजारी दोन फूट खोलीचा बालतलाव.

प्रवेश घेण्याआधी मी दोन वेळा नुसते पाहायला गेले. खोल बाजूच्या काठावर उभे राहून तळाची जाळी स्पष्ट दिसते का, हे पाहायला माझ्या धाकट्या भावाने सांगितले होते. पाणी गढूळ असेल तर तळाशी गेलेले मूल जीवरक्षकालाही दिसत नाही. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, आणि क्लोरीनचे प्रमाण खडूने लिहिलेले असते. पीएच 7.2 ते 7.8 या दरम्यान असावा लागतो आणि दोन्ही दिवशी तो त्या मर्यादेत होता. तलावाला येणारा तो उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, असे मी समजत होते. प्रत्यक्षात क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग झाला की तो वास वाढतो, आणि म्हणूनच पाण्यात उतरण्याआधीच्या अंघोळीबाबत तिथे कडक राहतात.

त्या वर्षी राज्यातल्या पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 8 ते 25 एप्रिल अशा लांबल्या होत्या. त्यामुळे एप्रिलची बॅच ओस पडली आणि परीक्षेनंतरच्या बॅचवर सगळ्या पालकांची उडी पडली. अर्ज 15 एप्रिलला मिळणार होते. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी पोहोचले तेव्हा पुढे एकतीस जण होते. खिडकी आठला उघडली. अर्जाची किंमत वीस रुपये, तेही सुट्टे पैसेच हवेत. सोबत जोडायच्या कागदांची यादी अशी होती: मुलाचा जन्मदाखला, पालकाच्या आधार कार्डाची प्रत, दोन छायाचित्रे, पालकांचे हमीपत्र आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का आवश्यक होता. मुलाला त्वचारोग, कानाचा विकार, दमा किंवा फिट येण्याचा त्रास नाही, हे वाक्य त्यात जसेच्या तसे असायला हवे होते.

इथे आमचा पहिला अडथळा आला. थोरलीला तीन वर्षांची असताना बाळदम्याचा त्रास होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोघांना तपासले, प्रत्येकी 200 रुपये घेतले आणि धाकट्याचे प्रमाणपत्र लगेच दिले. थोरलीसाठी मात्र बालरोगतज्ज्ञांचे पत्र आणा, असे सांगितले. ही गोष्ट लपवावी, असा सल्ला रांगेतल्या एका बाईंनी मला अगदी प्रेमाने दिला होता. मी तो मानला नाही. बालरोगतज्ज्ञांनी 500 रुपये घेऊन पोहायला हरकत नसल्याचे लिहून दिले आणि तिचा दम्याचा पंप रोज तलावाच्या पिशवीत ठेवून प्रशिक्षकांना तो दाखवून ठेवा, असे बजावले. या सगळ्यात चार दिवस गेले. 19 एप्रिलला कागद घेऊन गेले तेव्हा शुल्क रोख चालत नव्हते आणि कार्डाचे यंत्र बंद होते. पुन्हा दुसऱ्या दिवशी फेरी.

मोठ्या तलावासाठी उंची किमान चार फूट हवी होती. थोरली चार फूट एक इंच भरली. भिंतीवरच्या पट्टीशी चपला काढून उभे करतात, त्यामुळे घरी मोजताना तसेच मोजावे. धाकट्याला बालतलावात लगेच जागा मिळाली, पण संध्याकाळच्या बॅचच्या चाळीस जागा तोवर भरल्यामुळे थोरली एकूण त्रेचाळिसावी, म्हणजे प्रतीक्षायादीत तिसरी लागली. शेवटी 26 एप्रिलला, शनिवारी संध्याकाळी, तीन मुले गावी गेल्याचा फोन आला आणि तिला जागा मिळाली.

खरेदीत एक चूक झाली, ती इतरांनी टाळावी. धाकट्यासाठी मी त्याच्या आवडीचा आकाशी निळा पोशाख घेतला होता. पहिल्याच दिवशी प्रशिक्षिका मॅडमनी तो पाहून मान हलवली. निळ्या फरशीच्या तलावात निळ्या कपड्यातले मूल पाण्याखाली दिसेनासे होते. भडक नारिंगी, पोपटी किंवा गुलाबी रंग घ्यावा. दुसरा पोशाख घेण्यात आणखी 550 रुपये गेले. चष्मे आणि टोप्या नंतर घेतल्या तरी चालतात. खरे तर सुरुवातीचे चार-पाच दिवस मॅडम चष्मा घालूच देत नव्हत्या, कारण तोंडावर पाणी आले तरी डोळे उघडे ठेवता येणे ही पहिली सवय असते.

बॅच 29 एप्रिलला, मंगळवारी सुरू झाली. वेळ संध्याकाळी सव्वापाच ते सहा, सोमवारी तलाव बंद. पालकांनी जाळीपलीकडच्या बाकांवर बसायचे. पहिल्या दिवशी कुणीही पोहले नाही. मुलांनी काठावर बसून पाय मारले, मग दांडी धरून पाण्यात उभे राहून हनुवटी बुडवली, मग ओठ, आणि शेवटी पाण्यात तोंड घालून फुंकर मारली. चाळीस मुले एकाच वेळी पाण्यात बुडबुडे काढताना पाहून मला मनापासून हसू आले, आणि 1,800 रुपयांत एवढेच का, असा हिशेबी विचारही आला. त्या फुंकरीचे महत्त्व मला कळायला पुढचे दोन आठवडे जावे लागले.

थोरलीने तोंड बुडवले, पण दांडी सोडेना. धाकटा मात्र बालतलावात बदकासारखा रमला. पाचव्या दिवसापर्यंत तो मॅडमचा हात धरून पोटावर तरंगू लागला होता.

6 मे रोजी मॅडम रजेवर होत्या. त्यांच्या जागी आलेल्या सहायकाने धाकट्याचे डोके, त्याला काही न सांगता, दोन वेळा पाण्यात दाबले. भीती मोडण्यासाठी असे करावे लागते, असे त्याचे म्हणणे. मी जाळीपलीकडून ओरडले, पण तोवर झाले होते. मुलगा खोकत, नाकातून पाणी गाळत बाहेर आला आणि टॉवेलात शिरला तो त्या दिवशी पुन्हा पाण्याकडे वळला नाही. घरी आल्यावर त्याने डोक्यावर तांब्याने पाणी घेऊ द्यायलाही नकार दिला. रात्री तो झोपल्यावर मी बराच वेळ त्याच्याशेजारी बसून होते. माझी भीती त्याच्यात उतरू नये म्हणून हा सगळा खटाटोप केला होता, आणि आता त्याच्याजवळ त्याची स्वतःची भीती होती.

दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांकडे तोंडी तक्रार केली. त्यांनी ती सौम्यपणे ऐकून घेतली आणि विषय बदलला. तेव्हा मी लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतला. भांडणापेक्षा त्या क्रमांकाचा उपयोग अधिक झाला, कारण दोन दिवसांत तो सहायक लहान मुलांच्या बॅचवरून हलवला गेला. पालकांनी तक्रार तारीख, वेळ आणि घडलेली गोष्ट एवढ्यावरच ठेवावी. माझ्या पहिल्या मसुद्यात संतापच जास्त होता, तो मी फाडला.

त्या रात्री वडिलांना फोन केला. खेड्यात सगळ्यांना ढकलूनच शिकवतात, असे मी वर्षानुवर्षे ऐकत आले होते आणि सहायकाचा बचावही तोच होता. वडील म्हणाले, "ढकलायचं काम पोरं पोरांत करत्यात. आमी शिकवाय बसलो की आदी कमरेला सोल बांधायचा. सोलाचं टोक आपल्या हातात हाय हे पोराला दिसलं पायजे, मग ते उतरतं." सोल म्हणजे जाड दोर. माझ्या भावांच्या कमरेला तो असायचा, हे त्यांनी सांगितल्यावर मला आठवले. मधल्या काळात माझ्या आठवणीने दोर पुसून टाकला होता आणि नुसती उडी ठेवली होती.

पुढचे चार दिवस धाकटा पाण्यात उतरला नाही. मॅडम 8 तारखेला परतल्या. त्यांनी त्याला एक प्लास्टिकचा मग दिला आणि पायरीवर बसून पाणी भरायचे व ओतायचे, एवढेच काम सांगितले. मला त्यांनी बाक बदलायला लावला. मी दिसले की तो माझा चेहरा पाहतो आणि माझ्या चेहऱ्यावर त्याला धोका दिसतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ऐकायला कठीण होते, पण खरे होते. मी खांबाआड बसू लागले. घरी आम्ही बादलीत तोंड घालून कोण जास्त वेळ बुडबुडे काढतो याची शर्यत लावली, आणि त्यात मीही उतरले. पहिल्या दिवशी तो फक्त पंच होता. दुसऱ्या दिवशी त्याने नाकापर्यंत तोंड घातले, तिसऱ्या दिवशी कपाळापर्यंत. 11 मे, रविवार. हातातला मग पायरीवर ठेवून तो स्वतः उतरला आणि मॅडमना म्हणाला, "मी फुंकर मारून दाखवतो, पण हात लावायचा नाही." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून दाखवले.

फुंकरीचे गणित त्यांनी मला नंतर समजावले. छातीत हवा असली की शरीर तरंगते; घाबरून अंग आखडले आणि डोके वर काढले की पाय खाली जातात. मूल पाण्यात श्वास रोखून धरते, आणि तोंड बाहेर आल्यावर आधी तो सोडायचा व मग नवा घ्यायचा, ही दोन्ही कामे एका क्षणात उरकू पाहते. तेवढा वेळ नसतो, म्हणून धाप लागते आणि दमल्यावर भीती वाटते. श्वास पाण्यातच सोडून झाला असेल तर वर आल्यावर फक्त घ्यायचा उरतो. हात-पाय मारणे त्यानंतर येते. थोरलीचे तेच झाले. तिने पाण्यात सावकाश श्वास सोडायला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात दांडी सुटली. आधी पोटावर तरंगणे, मग भिंतीला पाय लावून बाणासारखे सरकणे, मग फळी धरून पाय.

आमचे तिथून पुढचे दिवस मात्र सरळ गेले नाहीत. 14 मेच्या रात्री थोरलीचा कान ठणकू लागला. कानाच्या डॉक्टरांनी बाहेरच्या नळीला सूज असल्याचे सांगितले, थेंब दिले आणि चार दिवस पाणी बंद केले. तपासणीचे 600 आणि थेंबांचे 240 रुपये. आमच्या घरी अंघोळीनंतर कानात तेल सोडण्याची आणि काडीने कान कोरण्याची पद्धत आहे. डॉक्टरांनी दोन्ही थांबवायला सांगितले. पोहून झाल्यावर मान एका बाजूला कलती करून कानाची पाळी हलकेच ओढायची, पाणी आपोआप निघते, आणि बाहेरून टॉवेलने टिपायचे. बुडलेले दिवस भरून मिळत नाहीत, हे नियमावलीत बारीक अक्षरांत होते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाने धुमाकूळ घातला. विजेचा गडगडाट ऐकू आला की लांब शिट्टी वाजायची आणि तलाव रिकामा व्हायचा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडत नसत. असे तीन दिवस पूर्ण बुडाले, पण ते तलावाच्या बाजूने असल्यामुळे बॅच पुढे वाढवून मिळाली. त्यातल्या एका संध्याकाळी छपराखाली कुडकुडणाऱ्या मुलांना मॅडमनी सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट सांगितली. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या जवानाने 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवले. आपला तलाव 25 मीटरचा, म्हणजे किती फेऱ्या, असे त्यांनी विचारले. धाकट्याने "दोनच?" असे विचारले आणि थोरलीने, जिला तोवर पाव फेरीही झाली नव्हती, त्याला कोपराने ढोसले.

25 मे रोजी शेवटचा दिवस होता, आणि दुसऱ्याच दिवशी पुण्यात मोसमी पाऊस येऊन थडकला. धाकटा बालतलावात आधाराशिवाय साधारण पाच मीटर गेला. थोरलीने मोठ्या तलावात बारा मीटर, म्हणजे निम्म्या लांबीच्या किंचित आत, मजल मारली. तिचा उजवा हात अजून पाण्याला थापटी मारतो. कार्डावर मॅडमनी "उथळ पाण्यात, देखरेखीखाली" एवढेच लिहिले. एका वडिलांनी "पोहता येते" असे लिहून मागितले, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि आम्हा सगळ्यांना थांबवून दहा मिनिटे बोलल्या. बुडणारे मूल सहसा ओरडत नाही, हात हलवून बोलावतही नाही, कारण श्वास घेतानाच त्याची दमछाक होत असते. त्यामुळे वीस दिवस शिकलेल्या मुलापासूनही हाताच्या अंतरावर राहायचे आणि त्या वेळी मोबाइल पिशवीत ठेवायचा. आमचा दोघांचा एकूण खर्च आठ हजारांच्या थोडा वर गेला. त्यात दुसरा पोशाख आणि कानाचा खर्च धरलेला आहे, रिक्षा आणि पोहून आल्यावर फस्त होणारे शेंगदाण्याचे लाडू धरलेले नाहीत.

शाळा 16 जूनला उघडणार होत्या. त्याआधी चार दिवस आम्ही माझ्या माहेरी गेलो. मेअखेरच्या पावसाने विहिरीत नवे पाणी आले होते आणि ते गढूळ असताना वडिलांनी कुणाला काठाशीही जाऊ दिले नव्हते. जूनच्या सुरुवातीला चांगली उघडीप मिळाली आणि आम्ही पोहोचेपर्यंत पाणी निवळले होते. तरी ते तलावाचे पाणी नव्हते. हिरवट, थंड, भिंतींच्या सावलीत काळे दिसणारे. थोरली शेवटच्या पायरीवर उभी राहून खाली पाहत राहिली. "तळ कुठंय?" तिने विचारले. "तीन परस पाणी हाय," वडील म्हणाले. परस म्हणजे साधारण एका उभ्या माणसाएवढी खोली, हे विचारून घेतल्यावर ती आणखी एक पायरी वर सरकली. पंचवीस मीटरच्या तलावात बारा मीटर जाणारी मुलगी इथे पहिल्या दिवसावर परतली होती, आणि तलावात आलेला धीर विहिरीत आपोआप सोबत येत नाही, हे मला कुणीही आधी सांगितले नव्हते.

वडिलांनी घाई केली नाही. त्यांनी तिच्या कमरेला सोल बांधला, गाठ तिलाच ओढून पाहायला लावली आणि स्वतः आधी पाण्यात उतरले. ती पायरीला धरून कमरेपर्यंत आत गेली. बराच वेळ तशीच होती. मग कुणी न सांगता तिने पाण्यात तोंड घातले आणि लांब फुंकर सोडली. काळ्या पाण्यावर बुडबुड्यांची माळ आली. तीन-चार वेळा असे केल्यावर तिने पायरी सोडली आणि पाठीवर पडून राहिली, कान पाण्यात, डोळे वरच्या गोल आभाळाकडे. धाकट्याने त्या दिवशी उतरायला साफ नकार दिला आणि माझ्याशेजारी थारोळ्यावर बसून बहिणीचे कपडे राखले.

सोलाचे दुसरे टोक वडिलांनी पाण्यात शिरण्याआधी माझ्या हातात दिले होते आणि ते सैल ठेवायला सांगितले होते. मी ते दोनदा ओढले. दोन्ही वेळा खालून आवाज आला, "आई, सोड ना."